तेविसावी

ऑस्ट्रेलियातला फुटबॉल पहिल्यांदा बघणाऱ्या मराठी माणसाला वाटतं, की दोन गावांचं जुनं भांडण निस्तरायला एवढी माणसं एका शेतात उतरलीयत आणि मध्येच कुणाचा तरी चेंडू आत पडलाय. यशोधन गरगटेलाही तसंच वाटलं होतं. पण आता, २०३७ सालच्या ऑगस्टमध्ये, कुराबिन नावाच्या त्या गव्हाच्या आणि मेंढ्यांच्या गावात या खेळाचा त्याच्याइतका विचार करणारा दुसरा माणूस नव्हता. गावात विचार करण्यासारखं दुसरं फारसं काही नव्हतंच म्हणा.

खेळ थोडक्यात असा. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. म्हणजे नेम चुकला तरी अगदीच रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवत नाहीत. वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर. अठरा जणी मैदानात, चार जणी बाकावर. त्या चौघी हव्या तितक्या वेळा आतबाहेर करू शकतात. आणि बाकाच्या टोकाला तेविसावी. ती नारिंगी जाकीट घालून बसते. सामन्यात एकदाच, कधीही, ती जाकीट काढून आत जाते, आणि तिच्या बदल्यात जी बाहेर येते ती त्या दिवसापुरती संपली.

बसवायची कोण, पाठवायची कधी आणि काढायची कुणाला, या तीन प्रश्नांपायी भल्याभल्या प्रशिक्षकांचे केस गेलेत. कुराबिनच्या महिला संघात हे तिन्ही प्रश्न यशोधनच्या यंत्राकडे होते.

यातलं विज्ञानही सांगून टाकतो, घाबरू नका, चार घासांत संपेल. बसून राहिलं की स्नायू थंड होतो आणि धावण्यातला जोर उतरतो, हे जुनंच ज्ञान. त्यावर उपायही सोपा: उठा, उड्या मारा, मांड्यांना गरम पट्टे गुंडाळा. पण अंग चांगलं तापवून आत गेलेली बदली खेळाडूसुद्धा पहिली पाच मिनिटं बावचळल्यासारखी का खेळते, ते कुणाला सांगता येत नव्हतं. उत्तर मेंदूत होतं. कुकरची शिट्टी आता होईल, पंचाचा हात आता खाली येईल, अशी आपण वाट बघतो तेव्हा मेंदूत एक मंद विद्युतलहर चढत जाते. ती काही सेकंदांची लहर शास्त्रज्ञांच्या ओळखीची होती. यशोधन चाळीस किलोमीटरवरच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचा. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना सापडलं ते असं, की तिच्याखाली आणखी एक लहर असते, तासांच्या हिशेबानं हलणारी. 'अजून बोलावतील' या आशेची लहर म्हणा हवं तर. वाट बघता बघता ती ओसरते, आणि ओसरते ती किरणोत्सारी धातूसारखी: ठरावीक वेळात निम्मी, पुन्हा तेवढ्याच वेळात त्याच्या निम्मी. ही वेळ प्रत्येकाची वेगळी. कुणाची वीस मिनिटं, कुणाची तासाच्या वर. यशोधननं तिचं नाव ठेवलं प्रतीक्षेचं अर्धायुष्य.

कानामागे वाटाण्याएवढी चकती चिकटवली की ही लहर मोजता यायची. मोजलेलं सगळं ज्या प्रणालीत जायचं तिला त्यानं नाव दिलं होतं 'सबुरी'. सबुरी प्रत्येकीला दोन आकडे द्यायची. पहिल्यापासून खेळली तर संघाला किती फायदा, हा एक, म्हणजे आरंभमूल्य. दीड तास बसून मग आत गेली तर किती, हा दुसरा. जिला बसवल्यानं सुरुवातीला सगळ्यांत कमी नुकसान आणि शेवटी सगळ्यांत जास्त फायदा, ती तेविसावी. इतकं सरळ.

आणि गेले तीन हंगाम सबुरी जवळजवळ प्रत्येक सामन्याला एकच नाव देत आली होती. इंद्रायणी गरगटे. म्हणजे यशोधनची बायको.

इंदू अडतीस वर्षांची, गावातल्या छोट्या इस्पितळात औषधं देणारी. इस्लामपूरच्या संघात तिनं सहा वर्षं कबड्डी खेळली होती, डावा कोपरा. कुराबिनच्या मैदानावर पहिल्याच दिवशी तिनं समोरून धावत येणाऱ्या बाईचा घोटा असा काही धरला, की ती बाई चेंडूसकट आडवी. इंदू टाळ्यांची वाट बघत उभी, आणि पंचानं फुंकली शिट्टी. या खेळात गुडघ्याखाली धरणं हा गुन्हा! मग बाईसाहेबांनी घोटा सोडला आणि कंबर धरली. तेव्हापासून तिच्या हातून सुटून पुढं गेलेली खेळाडू त्या लीगमध्ये शोधून काढावी लागली असती. पण हे सगळं शेवटच्या वीस मिनिटांत. त्याआधी दीड तास नारिंगी जाकीट.

तक्रार कुणाचीच नव्हती. पूर्वी तळाला असायचा तो संघ आता अंतिम सामन्याला पोचला होता. तक्रार एकट्या इंदूची होती, आणि तिनं ती मंगळवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात मांडली.

"शनिवारी मला पहिल्यापासून खेळायचंय," ती बुटांचा चिखल चाकूनं खरवडत म्हणाली.

"इंदू, ते मी ठरवत नाही. सबुरी—"

"सबुरीला मी ओळखते. तिचा बापही माझ्या ओळखीचा आहे."

यशोधन हसला. ती हसली नाही.

"अरे, लोक माझं काय कौतुक करतात माहितीये? 'ही किती छान थांबते!' हे काय कौतुक झालं का? व्हिसासाठी दोन वर्षं इस्लामपुरात थांबले. इथं आल्यावर इथली परीक्षा देईपर्यंत दीड वर्ष घरी थांबले. चांगली थांबते म्हणून मला सगळेच थांबवतात. मला एकदा तो पंच चेंडू आपटतो ना सुरुवातीला, तेव्हा आत उभं राहायचंय. तो पहिला चेंडू वर उडालेला मी बाकावरून सोडून कधी बघितलेला नाही."

"आणि मी तुला घेतलं तर लोक काय म्हणतील? यंत्र नवऱ्याचं, आणि संघात बायको."

"म्हणू देत." तिनं बूट आपटला. "जाकीट परत माझ्याच अंगावर आलं, तर मी घालीन, खेळीन, जीव तोडून खेळीन. आणि रविवारी हे बूट ब्रॉनीच्या मेंढ्यांच्या गोठ्यात टाकून येईन. कायमचे. हे मी तुला धमकी म्हणून नाही सांगत, खरं आहे म्हणून सांगतेय."

ते खरं होतं. बावीस वर्षांत इंदूनं बोललेली गोष्ट केली नाही असं एकदाही झालं नव्हतं, अगदी त्याच्याशी लग्न करीन म्हणाली होती तीसुद्धा. यशोधनला सामन्यांनंतरचे परतीचे प्रवास आठवले. खेळून आलेली इंदू, तेवढी वीस मिनिटं का होईना, गाडीत बसल्यापासून घरी पोचेपर्यंत बडबडत असायची, आणि त्याला ती आठवड्यातली सगळ्यांत आवडती वेळ वाटायची.

बुधवारी लीगचं पत्र आलं. अंतिम सामन्याआधी दोन्ही संघांनी आपापल्या यंत्रांच्या मूळ नोंदी तपासायला द्याव्यात, कुणी चकत्यांमध्ये काही फेरफार केलेला नाही ना, ते बघायला. यशोधननं दुपारी विद्यापीठातल्या खोलीत बसून फाईल उघडली. पानंच्या पानं आकडे. तेवीस नावं, प्रत्येकीसमोर चकतीची दुरुस्ती: कुणाची त्वचा जाड म्हणून अर्धा वाढवलेला, कुणाचे केस मध्ये येतात म्हणून पाव कमी केलेला. आणि सतराव्या ओळीत:

इं. ग. : आरंभमूल्य, उणे ४. घरचं माणूस.

त्यानं चष्मा पुसला आणि परत वाचलं. ओळ तिथंच होती, त्याच्याच हातची, तीन वर्षांपूर्वीची.

मग त्याला सगळं आठवलं. सबुरी नवीन होती, गावातल्या बायका यंत्राकडे संशयानं बघत होत्या, आणि पहिल्याच यादीत इंदूचं नाव वर आलं होतं. त्याला घाम फुटला होता. आता बोट दाखवणार सगळ्या! म्हणून त्यानं पहिल्या दोन सामन्यांपुरते तिचे चार गुण कापले होते. फक्त दोन सामन्यांपुरते. सगळ्यांचा विश्वास बसला की काढून टाकू, असं ठरवून. आणि मग संघ जिंकायला लागला, आणि तो विसरला.

हे असलं शहाणपण त्याला शिकवलं होतं त्याच्या अण्णांनी. अण्णा कराडला शाळेत मुख्याध्यापक. मुलगा त्यांच्याच वर्गात. सातवीच्या गणितात त्याला शंभर पडले, तर अण्णांनी लाल शाईनं त्याचे शहाण्णव केले आणि पहिला नंबर शेजारच्या बाकावरच्या मुलाला दिला. का? तर लोकांनी म्हणायला नको. पंगतीत घरच्यांना शेवटी वाढायचं, शाळेत घरच्याला कमी द्यायचे, म्हणजे आपण स्वच्छ. अख्खं कराड अण्णांना देवमाणूस म्हणायचं. आणि देवमाणसाच्या पोरानं हजारो मैलांवर येऊन, जगातल्या सगळ्यांत नव्या यंत्राच्या आत, जशाच्या तशा तीच लाल शाई ओतली होती.

यशोधननं ती ओळ पुसली आणि गणित नव्यानं चालवलं. इंदू पहिल्या अठरांत आली. नुसती आली नाही, सहावी आली. तिचं प्रतीक्षेचं अर्धायुष्य चांगलंच होतं, अठ्ठावन्न मिनिटं, पण एवढी चांगली खेळाडू सुरुवातीला बाहेर ठेवणं परवडणारं नव्हतं. शनिवारची तेविसावी दुसरीच कुणीतरी निघाली. ते नाव बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

ब्रॉनी. संघाची कप्तान.

घटकाभर त्याच्या मनात आलं, की ओळ परत लिहून ठेवावी. तीन वर्षं चाललं, आणखी तीन दिवस चालेल. आता ऐन अंतिम सामन्याला बायको आत आणि कप्तान बाकावर, म्हणजे ज्या बोटांना घाबरून आपण हे केलं ती सगळीच्या सगळी बोटं आता उठणार. ही लबाडी त्यानं पाच मिनिटं मनात घोळवली. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो घरी निघाला.

जेवताना त्यानं विषय काढला, म्हणजे काढण्याचा प्रयत्न केला. आधी लीगच्या पत्राबद्दल बोलला, मग चकत्यांबद्दल, मग त्वचेच्या जाडीबद्दल.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" इंदू म्हणाली. "काय केलंस ते सांग."

त्यानं सांगितलं. सगळं, सतराव्या ओळीसकट.

इंदूनं हातातला घास ताटात ठेवला. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अण्णांनी तुझे चार गुण कापले, तेव्हा तू काय केलं होतंस?" तिनं विचारलं.

"माडीवर जाऊन रडलो होतो."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत. आई जेवायला बोलवायला आली तोपर्यंत."

"आणि तरी तू माझे कापलेस."

त्यानं ताट बाजूला सारलं.

"तीन वर्षं मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे," ती म्हणाली. "मी मनाशी म्हणायची, इंदू, वय झालं, पाय जड झाले, यंत्र खोटं बोलत नाही. पहाटे उठून धावायला जायची मी, यशोधन. तुला वाटायचं मला हवा आवडते! अरे, परक्या बाईचे चार गुण कापायची हिंमत झाली असती तुझी?"

"नाही."

"मग मी घरची आहे ही माझी चूक का?"

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "मी घाबरट आहे. मला माफ कर म्हणायचीही लाज वाटते, पण कर."

इंदूनं ताटातला घास परत हातात घेतला. "माफीचं नंतर बघू. आता एक ऐक. माझ्यासाठी म्हणून काहीही करू नकोस. भरपाई म्हणून संघात घेतलंस तर मी पाऊल टाकणार नाही आत. उद्या सगळ्यांसमोर खरं काय ते सांग, आणि मग ग्लेनिसला ठरवू दे. बसवा नाहीतर उभी करा, पण माझे गुण माझ्या नावावर पाहिजेत."

ग्लेनिस म्हणजे संघाची प्रशिक्षक, एकसष्ट वर्षांची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिचा आवाज अजून बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचायचा.

गुरुवारी सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत ग्लेनिस आणि सगळ्या जमल्या. यशोधन फळ्यासमोर उभा राहिला. त्यानं जमेल तितक्या सरळ शब्दांत सांगितलं: तीन वर्षांपूर्वी मी माझ्या बायकोच्या आकड्यातून चार गुण वजा केले, पक्षपात दिसू नये म्हणून, आणि ते परत घालायला विसरलो. तेव्हापासूनची प्रत्येक निवड थोडी वाकडी आहे.

ब्रॉनी म्हणाली, "थांब. तू तिचे गुण वाढवले नाहीस? कमी केलेस?"

"कमी केले."

"स्वतःच्या बायकोचे?"

"हो."

"का?" तिला खरोखरच कळत नव्हतं. ब्रॉनी मेंढ्यांची लोकर उतरवण्याचं काम करणारी, दंड कणखर, मनात येईल ते ओठावर. "तिनं काही केलं होतं का?"

यशोधननं अण्णांची गोष्ट सांगितली. लाल शाई, शंभराचे शहाण्णव. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कराडमध्ये ज्या गोष्टीनं माणूस देव झाला होता, ती गोष्ट या खोलीत एकीलाही पटेना.

"अरे देवा," ग्लेनिस शेवटी म्हणाली, "मी तर माझ्या भाचीला कप्तान केलं आणि कुणाच्या बापाला विचारलं नाही!"

ब्रॉनी तिची सख्खी भाची होती, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. आधी एक हसली, मग दुसरी, मग सगळी खोली हसत सुटली, ब्रॉनीसुद्धा. कोपऱ्यात बसलेली इंदूही हसली, बुधवारनंतर पहिल्यांदाच. यशोधनला इतकं हलकं वाटलं, की पुढचं सांगायचंय हेच तो क्षणभर विसरला.

"मग आता खऱ्या गुणांनी तेविसावी कोण?" ग्लेनिसनं विचारलं.

त्यानं ब्रॉनीकडे बघितलं. हसू थांबलं.

"मी?" ब्रॉनी उठून उभी राहिली. "अंतिम सामन्यात? मी?" आणि दार धाडकन आपटून ती बाहेर गेली.

इंदू उठायला लागली, तर ग्लेनिसनं हातानं बस म्हणून खुणावलं. बाहेर मैदानाच्या कुंपणाला लाथ मारल्याचा आवाज आला, मग आणखी एक, मग शिवी. पाच-सहा मिनिटांनी दार उघडलं.

"आलेख दाखव," ब्रॉनी म्हणाली.

त्यानं पडद्यावर तिचा आलेख लावला. पहिला तासभर रेषा ताठ. त्यानंतर डाव्या गुडघ्याचा भार उजवीकडे जायला लागतो आणि रेषा घसरते. शेजारी दुसरा आलेख: प्रतीक्षेचं अर्धायुष्य सहासष्ट मिनिटं, संघात सगळ्यांत जास्त. शेवटच्या वीस मिनिटांत ताज्या गुडघ्यानिशी ही बाई आत सोडली, तर दमलेल्या संघात तिला अडवणारं कुणी नाही.

"गुडघा जूनपासून दुखतोय," ब्रॉनी म्हणाली. "बोलले नाही. कप्ताननं असलं बोलायचं नसतं." मग तिनं खुंटीवरचं नारिंगी जाकीट काढलं, छातीला लावून बघितलं. "इंडी, हे तुला कसं काय बसत होतं? मला काखेत काचतंय."

"तीन वर्षांत सैल केलं होतं मी," इंदू म्हणाली. "परत आवळलंय वाटतं कुणीतरी."

ग्लेनिसनं फळ्यावर नावं लिहिली, आणि अठरांत सहाव्या जागी लिहिलं: इंडी.

शनिवारी वारा असा सुटला होता, की खांबांवरची झेंडी फाटायच्या बेतात होती. मैदानाभोवती गाड्या तोंडं आत करून लावलेल्या, कुठं गुण झाला की सगळ्यांचे भोंगे. यशोधन बाकाच्या टोकाला पडदा मांडीवर घेऊन बसला. शेजारी ब्रॉनी जाकिटात, मांड्यांना गरम पट्टे, आणि तोंडानं अखंड सूचना. ही बाई वाट बघत नव्हतीच. बसल्या जागी ती पूर्ण सामना खेळत होती. तिचं अर्धायुष्य एवढं मोठं का, हे यशोधनला तेव्हा कळलं, आणि पुढच्या संशोधनासाठी ते त्यानं मनात टिपून ठेवलं.

मधोमध पंच चेंडू घेऊन उभा राहिला. इंदू मागच्या फळीत, डाव्या बाजूला. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि ती एकटक त्या चेंडूकडे बघत होती. पंचानं चेंडू आपटला, तो वर उडाला. यशोधननं चेंडू बघितलाच नाही. तो तिचा चेहरा बघत होता. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती एवढी खूष दिसली नव्हती, आणि याचं त्याला काडीचंही वाईट वाटलं नाही.

पहिली दहा मिनिटं मात्र तिनं घाण केली. तीन वर्षं ती दमलेल्या बायकांमध्ये ताजी म्हणून शिरत आली होती. इथं सगळ्याच ताज्या. दोनदा तिच्या हातून चेंडू निसटला, एकदा तिला चकवून समोरच्यांनी सहा गुण मारले. ब्रॉनी ओरडली, "कंबर, इंडी, कंबर!" मग कुठं तिला लय सापडली. दुसऱ्या क्वार्टरला तिनं एका धिप्पाड पोरीला अशी मिठी मारली, की पोरगी चेंडू सोडून मोकळी झाली. भोंगे वाजले. तिसऱ्याला तर समोरच्यांनी तिच्या बाजूनं यायचंच सोडून दिलं.

चौथ्या क्वार्टरचं सातवं मिनिट. कुराबिन चार गुणांनी मागं. सबुरीनं पडद्यावर लाल खूण दिली: आता बदल करा. ब्रॉनी आत. बाहेर कोण, तर पहिलं नाव इंदूचं, दुसरं उजव्या बाजूनं धावणाऱ्या एका खेळाडूचं. दोघींतलं अंतर इतकं थोडं, की मोजमापात तेवढी चूक सहज असू शकेल. म्हणजे यंत्रानं हात वर केले होते. निवड त्याची.

आणि यशोधनच्या लक्षात आलं, की आता त्याचं बोट तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आहे. दुसरीचं नाव सांगून मोकळा हो, कुणाला कळणारही नाही. चार गुण तिचे देणं लागतोसच. इंदूला शेवटपर्यंत खेळू दे, एवढं तरी कर.

'माझ्यासाठी म्हणून काहीही करू नकोस.'

त्यानं पडदा उपडा ठेवला आणि मैदानाकडे बघितलं. उजवीकडची खेळाडू हाशहुश करत होती, पण चेंडूच्या दिशेनं पळत होती. इंदू चेंडू दूर गेला की कमरेवर हात ठेवून उभी राहत होती. मागच्या दोन वेळेला ती अर्धं पाऊल उशिरा पोचली होती. तिची गती त्याला बावीस वर्षं पाठ होती. ती दमली होती.

"इंदू बाहेर," तो ग्लेनिसला म्हणाला.

ग्लेनिसनं त्याच्याकडे नीट बघितलं. "हे वजा करून म्हणतोयस, की न करता?"

"न करता."

इंदूला निरोप पोचला तेव्हा तिनं जोरजोरात मान हलवली. नाही! परत निरोप गेला. मग ती निघाली, आणि येता येता अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा मराठीत त्याचा उद्धार करत आली. गाड्यांतल्या लोकांना शब्द कळले नसतील, पण अर्थ नक्की पोचला. ब्रॉनीनं जाकीट भिरकावलं आणि ती वळूसारखी आत घुसली.

पुढची तेरा मिनिटं बघायची कुणाची छाती असेल तर असो. यशोधन निम्मा वेळ बुटांकडे बघत होता. ब्रॉनीनं येताच एकीच्या हातून चेंडू हिसकावला. एक गुण. पुन्हा एक. दोन गुणांनी मागं. शेवटचं मिनिट सुरू असताना चार जणींच्या डोक्यांवरून तिनं चेंडू झेलला, झेलणारीला मोकळी लाथ मिळते म्हणून चार पावलं मागं गेली, वाऱ्याचा अंदाज घेतला, आणि मधल्या दोन खांबांतून लाथाडला. सामना संपल्याचा भोंगा. कुराबिन चार गुणांनी विजयी.

सगळा बाक मैदानात धावला. इंदू सगळ्यांत पुढं. ब्रॉनीच्या पाठीवर चढली, किंचाळली, ग्लेनिसचे मुके घेतले. आणि मग वळून, चिखलानं माखलेली, तरातरा यशोधनकडे आली.

"मी अजून तेरा मिनिटं खेळले असते!"

"इंदू, तू दमली होतीस."

"कोण म्हणतं?"

"मागच्या दोन वेळेला अर्धं पाऊल उशीर झाला तुला. मी बघितलं."

"ते पहिलं मी मुद्दाम थांबले होते, ती डावीकडे वळेल म्हणून! तुला काय कळतंय त्यातलं? आणि ती उजवीकडची, ती काय फार ताजी होती?" तिचे डोळे चमकत होते, नाकपुड्या फुगल्या होत्या. "इतका राग आलाय ना मला तुझा, यशोधन! इतका..." आणि बोलता बोलता ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, आणि ती एकदम हसायला लागली, हसता हसता रडायलाही लागली.

"काय झालं?"

"अरे, मला मैदानातून काढलं म्हणून राग आलाय," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा. काढायला आधी आत असावं लागतं ना!"

त्यानं तिला जवळ घेतलं, चिखलासकट. तिनंही घेतलं, पण जेमतेम दोन श्वासांपुरतं. मग त्याचा हात झटकून तिनं त्याला बाकावर बसवलं, समोर उभी राहिली, आणि चौथ्या क्वार्टरचं ते सातवं मिनिट पहिल्यापासून सांगायला घेतलं, कोण कुठं होतं, ती कुठं बघत होती, आणि तो किती चुकला ते. यशोधन मान डोलवत ऐकत राहिला. घरी जायची त्याला अजिबात घाई नव्हती.